चार थेंब पुरे

संध्याकाळी हिंजवडीहून निघून विद्यापीठ चौकातली गर्दी पार करत माणूस घरी पोचतो, तेव्हा अंगानं घरात आलेला असतो आणि डोक्यानं अजून रस्त्यावरच असतो. खांदे वर चढलेले, दातावर दात आवळलेले. अशा वेळी हौसेनं आणलेल्या डिफ्यूझरमध्ये, म्हणजे पाण्याच्या धुक्याबरोबर वास हवेत सोडणाऱ्या यंत्रात, लॅव्हेंडर तेलाचे पंधरा-वीस थेंब पडतात, दारंखिडक्या लागतात आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. मग ती बाटली कपाटात जाते ती कायमची. असं झालं असेल तर दोष बहुतेक वेळा मात्रेचा असतो, आणि थोडा बाटलीत जे होतं त्याचा. या दोन गोष्टी सांभाळल्या तर सुगंधी तेलांचा ताणासाठी चांगला उपयोग होतो. त्यासाठी महागडा संच लागत नाही. नीट निवडलेली तीन-चार तेलं खूप झाली.

आधी वास काम कसा करतो ते पाहू. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातं. वासाला हा नाका लागत नाही. नाकाच्या छतातल्या पेशींकडून संदेश घ्राणकंदात, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या पहिल्या ठाण्यात, जातो आणि तिथून लगेच भीती-काळजी सांभाळणाऱ्या अमिग्डालाकडे आणि आठवणींच्या हिप्पोकॅम्पसकडे पोचतो. उटण्याचा डबा उघडला की नरकचतुर्दशीची पहाट शब्दांच्या आधी आठवते, ती यामुळे. वास टिपणाऱ्या नाकातल्या संवेदकांवर केलेल्या कामासाठी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं.

म्हणजे वास ही शरीराला दिलेली खूण आहे. खूण कोणत्या अर्थानं शिकवायची ते आपल्या हातात असतं, आणि बहुतेक लोक नेमकं हेच करत नाहीत. डोकं तापलं की बाटली उघडायची अशी सवय लावली, तर मेंदू तो वास तापलेल्या डोक्याशीच जोडतो. म्हणून पहिले पंधरा दिवस उलटं करा. एक तेल किंवा एकच मिश्रण ठरवा आणि तुम्ही आधीच निवांत असाल तेव्हाच ते हुंगा: रात्री दिवे मालवून अंथरुणावर पडल्यावर, किंवा रविवारी दुपारी जेवण झाल्यावर. त्याबरोबर श्वास संथ ठेवा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे आठ-दहा श्वास. दोन आठवड्यांनी तोच वास ऑफिसातल्या मीटिंगआधी घेतला, तर शरीराला ओळखीची खूण मिळते. लांबवलेल्या उच्छ्वासाचाही यात मोठा वाटा असतो, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. तेल आणि श्वास जोडीनं चांगले चालतात; नुसत्या तेलाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

संशोधनाबद्दलही थोडं बोलू. सगळ्यात जास्त अभ्यास लॅव्हेंडरवर झाला आहे आणि तात्पुरत्या काळजीत, म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडे किंवा एखाद्या शस्त्रक्रियेआधी, त्याचा माफक फायदा दिसतो. अडचण अशी की वास लपवता येत नाही. खरं औषध कुणाला आणि खोटं कुणाला हे अभ्यासात भाग घेणाऱ्याला न कळू देणं इथे अवघड असतं, म्हणून निष्कर्ष जरा हात राखूनच वाचावे लागतात. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची पोटात घ्यायची कॅप्सूल मिळते. ती मोजून-तपासून बनवलेली वेगळी गोष्ट आहे. तिचा दाखला देऊन बाटलीतले थेंब पाण्यात घालून पिऊ नका.

<b>बाटलीत काय आहे</b>

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

खरं सुगंधी तेल बहुधा वाफेच्या ऊर्ध्वपातनानं काढतात. संत्रं, लिंबू यांच्या साली दाबून. नाव तेलाचं असलं तरी ते खोबरेलासारखं स्निग्ध नसतं. पांढऱ्या कागदावर लॅव्हेंडरचा एक थेंब टाका आणि शेजारी खोबरेलाचा. दोन्ही डाग सुरुवातीला सारखेच ओले, पारदर्शक दिसतात. दुसऱ्या दिवशी लॅव्हेंडरच्या जागी कागद कोरा, जेमतेम एखादी पुसट कड. खोबरेलाचा डाग मात्र तसाच, मागची अक्षरं दिसतील इतका. लॅव्हेंडरच्या जागीही असा तुपकट डाग राहिला तर त्यात खाद्यतेल किंवा खनिज तेल मिसळलेलं आहे. ही परीक्षा संत्रं, लॅव्हेंडर, गवती चहा अशा उडून जाणाऱ्या तेलांसाठी. वाळा आणि चंदन मुळातच जड असल्यानं ती रेंगाळतात. अल्कोहोलची किंवा बनावट लिनालूलची (लॅव्हेंडरच्या वासातला एक मुख्य घटक) भेसळ या कागदावर कळत नाही, हेही लक्षात असू द्या.

त्यासाठी लेबल वाचायचं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला, कसं काढलं, बॅच नंबर, आणि त्याच बॅचचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कोणता घटक किती आहे ते सांगणारी प्रयोगशाळेतली तपासणी. नुसतं ‘लॅव्हेंडर’ लिहिलं असेल तर तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया हे शांत करणारं. आपल्याकडे जम्मूतल्या भदरवाहकडे त्याची शेती चांगली वाढली आहे. लॅव्हंडिन हा संकर. त्यात कापूर बराच जास्त. आणि स्पाइक लॅव्हेंडर, ज्यात कापूर आणि निलगिरीतला सिनिओल इतका असतो की झोप येण्याऐवजी उडते. ‘लॅव्हेंडरनं मला उलट जाग येते’ असं कुणी म्हणालं की आधी त्याच्या बाटलीवरचं शास्त्रीय नाव पाहावं. अहवालात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही दोन नावं सगळ्यात वर हवीत, दोन्ही साधारण २५ ते ४५ टक्क्यांच्या पट्ट्यात. कापूर १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली. बाटलीवर ‘४०/४२’ लिहिलेलं असेल तर ते ठरावीक प्रमाणात जुळवून केलेलं तेल असतं. साबणाला ते ठीक आहे, यासाठी नको.

‘थेरप्युटिक ग्रेड’ हे शब्द कंपन्यांचे आहेत, तशी कुठलीही सरकारी प्रत नाही. सगळी तेलं एकाच किमतीला मांडलेली दिसली तर पुढे चला. एक किलो गुलाब तेलाला पाकळ्या टनांनी लागतात. संत्र्याचं तेल रस काढून उरलेल्या सालींतून निघतं. या दोघांची किंमत सारखी असूच शकत नाही. मोगऱ्याचं वाफेनं काढलेलं तेल तर बाजारात नसतंच; मिळतो तो द्रावकानं काढलेला ॲब्सोल्यूट, आणि तो महाग असतो. कमळ, हिरवं सफरचंद, स्ट्रॉबेरी या नावांच्या बाटल्या म्हणजे कारखान्यातला सुवास. तो घराला वास म्हणून चालेल, पण त्याला सुगंधी तेलाच्या हिशेबात धरू नका. अत्तराचंही तसंच. कनौजच्या पारंपरिक पद्धतीत फुलांची वाफ चंदन तेलात मुरवायचे. आता स्वस्त अत्तरात चंदनाच्या जागी द्रव पॅराफिन किंवा तसलाच दुसरा आधार असतो. तुळशीबागेतली अत्तराची कुपी मनगटाला लावायला छानच, डिफ्यूझरमध्ये मात्र घालू नका.

आपल्या मातीतली दोन तेलं लोक उगाच विसरतात. एक तिखाडी, म्हणजे रोशा गवत, इंग्रजी नावानं पामरोजा. खानदेशातल्या या गवताचं तेल एके काळी मुंबई बंदरातून परदेशी जायचं. त्यात जिरॅनिऑल हा सुवासिक घटक भरपूर, वास गुलाबाच्या जवळचा, आणि किंमत गुलाबाच्या पासंगालाही पुरत नाही. ज्यांना लॅव्हेंडरचा वास साबणासारखा वाटतो त्यांना मी आधी हेच सुचवतो. दुसरा वाळा. मुळांचं तेल असल्यानं दाट, मातकट, हळूहळू उमलणारं. रात्री झोप लागत नाही, विचार थांबत नाहीत, अशा तक्रारीला माझी पहिली पसंती वाळ्याला.

<b>वापरायचं कसं</b>

एक मिलिलिटर म्हणजे साधारण २० थेंब. दाट तेलाचा थेंब मोठा, पातळ तेलाचा लहान, बाटलीच्या तोंडावरही फरक पडतो, पण घरगुती हिशेबाला २० धरलं तरी चालतं.

सुरुवात करायची तर नाकाशी धरायच्या इनहेलर कांडीनं करा. पोकळ प्लास्टिकची नळी, आत कापसाची वात, मागे बूच. ऑनलाइन सहज मिळते. काचेच्या छोट्या वाटीत लॅव्हेंडर ७ थेंब, संत्रं ४, वाळा १ असे बारा थेंब घ्या. वाळा बाटलीतून पडत नसेल तर बाटली दोन मिनिटं मुठीत धरून ठेवा. वात चिमट्यानं त्यात फिरवा, सगळं शोषलं गेलं की नळीत सरकवा, बूच घट्ट बसवा, चिठ्ठीवर तारीख लिहा. एक-दोन महिने वास टिकतो. कांडीचा फायदा असा की वास फक्त तुमच्यापुरता राहतो; शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दमा असेल तर त्याला त्रास नाही. दुचाकीवर चालता चालता हुंगू नका, गाडी बाजूला घेऊन उभे राहा.

डिफ्यूझरला १०० मिलिलिटर पाण्यात चार थेंब पुरे: लॅव्हेंडर ३, संत्रं १. अर्धा तास चालू, मग तासभर बंद. लोक इथेच चुकतात, कारण दहा-पंधरा मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं आणि ‘वास येईना’ म्हणून आणखी थेंब पडतात. खोलीत वास तेवढाच असतो, आपल्याला तो जाणवत नाही इतकंच. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा, तो खरं सांगेल. डोकं जड झालं, मळमळलं, घसा खवखवला की मात्रा जास्त झाली समजा. खिडकी उघडा, यंत्र बंद करा, त्या दिवसापुरतं पुरे. खिडकी फटीइतकी उघडी असावी हे तर नेहमीचंच.

पुण्यात पाण्याचा वेगळाच घोळ असतो. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ आहे, त्यानं फारसा त्रास होत नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत मात्र महिन्याभरात यंत्राच्या तळाच्या चकतीवर पांढरा थर बसतो, धुकं कमी होतं, आणि टेबलावर, मोबाइलवर पांढरी भुकटी दिसायला लागते. ते पाण्यातले क्षार आहेत, अल्ट्रासॉनिक यंत्र ते हवेत उडवतं. आरओचं पाणी वापरा आणि दर आठवड्याला तळात दोन चमचे व्हिनेगर घालून दहा मिनिटांनी कापसाच्या बोळ्यानं पुसा. सुरीनं खरवडलंत तर चकती गेलीच. वाळा, चंदन अशी दाट तेलं या यंत्रात घालू नयेत. ती चकतीवर चिकटून बसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये मी डिफ्यूझर बंदच ठेवायला सांगतो. भिंतींना आधीच ओल, कपाटात बुरशी, त्यात खोलीत आणखी धुकं कशाला? त्या दिवसांत न रंगवलेल्या, भाजलेल्या मातीच्या पणतीत दोन-तीन थेंब टाकून उशापासून दोन हात लांब ठेवा. पणती तेल हळूहळू सोडते, वीज लागत नाही, आणि वास आपोआप विरतो. खाली मेणबत्ती लावायचे मातीचे बर्नर मला फारसे आवडत नाहीत. वरचं पाणी आटलं की तेल करपतं आणि जळका, डोळ्यांत जाणारा वास सुटतो. संत्र्याचं तेल तर सहज पेटतं. वापरायचाच असेल तर समोर बसून, दहा मिनिटं.

अंगाला लावायचं असेल तर नुसतं तेल कधीच लावायचं नाही. १० मिलिलिटरच्या रोल-ऑनमध्ये २ टक्क्यांच्या हिशेबानं पुन्हा चारच थेंब: लॅव्हेंडर २, तिखाडी १, वाळा १. चेहऱ्याजवळ लावणार असाल तर दोनच. आधार म्हणून, म्हणजे हे थेंब ज्यात मिसळायचे ते तेल म्हणून, खोबरेल घेतलं तर डिसेंबरात फजिती होते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि पुण्याची थंडीतली सकाळ त्याच्या कितीतरी खाली जाते. रोल-ऑनच्या तोंडावरची गोळी अडकते आणि मनगटावर काहीच येत नाही. घाण्याचं तीळ तेल थिजत नाही, पण त्याचा स्वतःचा खमंग वास सगळ्यांवर मात करतो. जोजोबा या बियांचं तेल उत्तम, ते लवकर खवटत नाही. बदाम तेल घेतलं तर लेबलावर फक्त बदाम तेलच आहे ना ते पाहा. केसांसाठीच्या बऱ्याच ‘बदाम’ तेलांत खनिज तेल आणि सुवासच जास्त असतो. तयार मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास वाट पाहा. खाज, लाली आली नाही तर मनगटाला, मानेच्या मागे.

गवती चहाचं तेल त्वचेला फार झोंबतं, ते हुंगण्यापुरतंच ठेवा. बर्गमॉट, म्हणजे लिंबाच्या कुळातल्या एका फळाच्या सालीचं तेल, काळजीवर छान म्हणून सगळीकडे सुचवतात आणि वास खरोखर सुंदर आहे, पण त्यातल्या बर्गॅप्टेन या द्रव्यामुळे ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात हे परवडणारं नाही. बर्गॅप्टेन काढलेलं मिळतं, त्यावर एफसीएफ लिहिलेलं असतं. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलालाही हाच नियम. गोड संत्र्याला नाही.

रात्री पाय गरम पाण्यात सोडून बसणं हा माझ्या मते सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात गुणकारी उपाय. फक्त तेलाचे थेंब सरळ बादलीत टाकू नका. ते पाण्यात विरघळत नाहीत, वर तरंगतात आणि पाय घालताना थेट कातडीला चिकटून चरचरतात. एक चमचा तीळ तेलात लॅव्हेंडरचे तीन थेंब आधी मिसळा, ते पोटऱ्यांना आणि पावलांना चोळा, मग पाय कोमट पाण्यात. दहा-पंधरा मिनिटं. उठायच्या आधी तळवे पुसा, फरशी घसरते.

आणि तेल परवडत नसेल तर? मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून वाळ्याची जुडी आणा, पाण्यात भिजवून खिडकीत टांगा. उन्हाळ्यात संध्याकाळी मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या आणून उथळ वाटीत ठेवल्या तर अंधार पडता पडता त्या उमलतात आणि वास तेव्हाच सुटतो. लॅव्हेंडरमधलं लिनालूल मोगऱ्यातही असतं. ओंजळभर कळ्या पुरतात. टोपलीभर ठेवून खोली बंद केली तर इथेही डोकं धरतं.

<b>इथे सांभाळा</b>

सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कळवळून सांगतो, कापूर काढून टाका. कापरानं लहान मुलांना झटके येतात, आणि निलगिरीनंही. पुदिन्यातल्या मेंथॉलनं तान्ह्या बाळाचा श्वास अडू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत ही तेलं, हे बाम आणि विजेच्या कापूरदाण्या नकोतच. अपस्माराचा त्रास असलेल्या मोठ्या माणसांनीही निलगिरी, कापूर आणि रोजमेरी टाळावी. ‘डोकं हलकं होतं’ म्हणून रोज बाम चोळणाऱ्यांनी डबीवरचे घटक एकदा वाचावेत.

गंधपुऱ्याचं तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्याच कुळातलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते अंगाला लावू नये. मुलांच्या हाती एक चमचाही लागला तर जीवावर बेतू शकतं. कुठलंही सुगंधी तेल मुलानं प्यायलं तर उलटी करवू नका, ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली हातात घेऊन सरळ दवाखाना गाठा.

गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. दमेकऱ्याच्या झोपायच्या खोलीत डिफ्यूझर नको. घरात मांजर असेल तर तिच्या यकृताला ही द्रव्यं नीट बाहेर टाकता येत नाहीत. केसांवर बसलेले थेंब ती चाटते. टी ट्री नावाचं तेल तर तिच्या आसपासही नको.

बाटली जुनी झाली की वासाआधी तेल बदलतं. हवा लागून लॅव्हेंडर आणि संत्र्याच्या तेलात त्वचेला ॲलर्जी देणारी द्रव्यं तयार होतात. म्हणून गडद तपकिरी काचेची बाटली, झाकण घट्ट, आणि उन्हाळ्यात फ्रीजच्या दारात, मुलांचा हात पोचणार नाही अशा डब्यात. रबरी ड्रॉपर बाटलीवर लावून ठेवू नका, वाफेनं रबर चिकट होऊन तेलात उतरतं. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहा: संत्रं, लिंबू वर्षभर, लॅव्हेंडर दोन-तीन वर्षं. वाळा आणि चंदन मुरतात, जुने झाले तरी चालतात.

एक शेवटचं, आणि ते तेलाबद्दल नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालेली आहे, कशात मन लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, छातीत धडधड होते, किंवा जगण्याचाच कंटाळा येतो, तर आधी डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. उपचार सुरू झाल्यावर रात्रीचं पाय बुडवणं किंवा इनहेलर कांडी चालू ठेवायला सहसा हरकत नसते. फक्त कोणतं तेल वापरता ते डॉक्टरांना नावानिशी सांगा, आणि त्यांनी लिहून दिलेली गोळी तेलाच्या भरवशावर बंद करू नका.